गावानं काढलेला नकाशा

दौंड ते शिरूर असा एस.टी.चा प्रवास मी सतरा वर्षं केला, आणि त्यातली बरीच वर्षं मला कधी उभं राहावं लागलं नाही. कंडक्टर लांबूनच ओरडायचा, "एड्सवाल्या बाई आल्या, सरकून घ्या जरा." माणसं सरकायची. इतकी सरकायची, की माझ्या शेजारची जागाही रिकामी व्हायची आणि तिथं माझी पिशवी बसून यायची. पिशवीत पोस्टरांची गुंडाळी, निरोधची पाकिटं आणि एक लाकडी नमुना असायचा. कशाचा ते दिवाळी अंकात लिहीत नाही, वाचक सुज्ञ आहेत. तो एकदा चौफुल्याच्या वळणावर पिशवीतून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेला. त्या भल्या माणसानं गाडी बाजूला घेतली, नमुना दोन बोटांत धरून माझ्याकडं आणून दिला आणि म्हणाला, "बाई, तुमचं कायतरी पडलं बगा." पुढचा तासभर गाडीत कोणी खोकलंसुद्धा नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि सेवानिवृत्त माणसाला ते सांगायला आवडतात. संपादकांनाही तेच हवे असणार. पण लिहायला बसले की माझ्या डोळ्यांपुढं दुसरंच येतं, तर तेच लिहिते.

मी एका संस्थेत क्षेत्र पर्यवेक्षक होते. पदाचं नाव भारदस्त; काम म्हणजे दोन तालुक्यांतल्या गावांतून चपला झिजवायच्या आणि एचआयव्ही कशानं होतो, कशानं होत नाही, हे सांगत फिरायचं. पहिली काही वर्षं आम्ही पुण्यात छापलेलं गावात वाचून दाखवत होतो. लोक ऐकायचे, चहा पाजायचे आणि विसरून जायचे. मग वरून नवं धोरण आलं: लोकांना सांगू नका, विचारा. कार्यक्रमाचा आराखडा गावानंच करायचा. त्यासाठी आम्हाला पाच दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. खुर्चीवर बसू नका, जमिनीवर बसा. काठी गावकऱ्याच्या हातात द्या. मध्ये बोलू नका. गावाला आपल्या गावाचा नकाशा रांगोळीनं जमिनीवर काढायला सांगा. रोगाचा धोका कुठं कुठं वाटतो ते लोकांनीच त्यात दाखवायचं, आणि मग काय करायचं तेही लोकांनीच ठरवायचं. नकाशा गावाचा आहे, म्हणून त्याची कागदावरची प्रत गावातच ठेवा. हा शेवटचा नियम मला फार पटला होता. हाताखालच्या कार्यकर्त्यांकडून मी तो पाठ करून घ्यायचे.

ही पद्धत खोटी होती असं मी म्हणणार नाही. यवतजवळच्या एका ढाब्यावर आम्ही ट्रकवाल्यांची बैठक घेतली होती. माझ्यामागं पोस्टर होतं, 'पत्नीशी एकनिष्ठ राहा'. उत्तरेकडच्या एका ड्रायव्हरनं कोणाकडून तरी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि मला म्हणाला, "मैडम, बीवी गोरखपुर में है, मैं यवत में. आप सामान की बात करो. सामान मिलेगा कहाँ?" मी म्हटलं, आरोग्य केंद्रात, दहा ते पाच. सगळा ढाबा हसला. तेव्हा शेजारचे पंक्चरवाले मामा, जे बैठकीला आलेलेही नव्हते, आपल्या टपरीतूनच बोलले, "माझ्याकडं ठिवा. टायर कवाबी फुटतो. आन् पंक्चरला थांबलेल्या मानसाला का थांबला म्हनून कुनी इचारत न्हाई." आम्ही तिथं पेटी ठेवली. ती दर आठवड्याला रिकामी व्हायची. आमच्या कार्यालयातल्या एकाही शिकलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. त्या पेटीचा मला आजही अभिमान वाटतो, आणि त्या पेटीनंच माझं डोकं फिरवलं.

कारण त्याच सुमारास मला कोणीतरी सावध केलं होतं, आणि मी ऐकलं नाही. दौंड स्टेशनच्या मागं धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती होती. तिथं रांगोळी घेऊन गेले, तर त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाईनं डबा बाजूला सारला. म्हणाली, "बैठक घ्या, च्या प्या, डाक्टर आना. नकाशा न्हाई काढायचा. नकाशा ज्याच्या हातात ग्येला त्याला आमचं दार घावतं." मी अहवालात लिहिलं, 'सदर वस्तीत लोकसहभाग कमी आढळला.'

आता त्या गावाचं सांगते. नाव लिहीत नाही. गाव हमरस्त्यापासून आत आहे, पाटाचं पाणी आहे, ऊस, भाजीपाला, गुलछडी होते, आणि घरटी एक तरी माणूस गाडीवर नाहीतर कंपनीत आहे. दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. शाळेच्या पटांगणात पन्नासएक माणसं जमली. सरपंचांचे चुलते आप्पा, शब्दाला वजन असलेला माणूस, काठी घेऊन पुढं झाले. माणूस वाईट नव्हता. माझ्याखाली सतरंजी त्यांनीच घालायला लावली होती.

नकाशा देवळापासून सुरू झाला. मग चावडी, डेअरी, सोसायटी, एकेक गल्ली. पांढऱ्या रांगोळीचे रस्ते, हळदीची घरं, लिंबाच्या डहाळ्यांची झाडं. सगळं गाव झालं तरी एक भाग आलाच नव्हता. मी विचारलं, "बौद्धवाडा कुठंय?" आप्पा म्हणाले, "ऱ्हायला व्हय?" आणि पार कडेला, रांगोळीच्या बाहेर मातीत, काठीनं एक चौकोन ओढला. मी स्वतः दौंडच्या तशाच एका वस्तीत वाढलेली. गावानं नकाशा काढला की आपण त्यात कुठं येतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण मी फक्त वहीत नोंद केली, कारण मध्ये बोलायचं नव्हतं.

मग मी मुख्य प्रश्न विचारला: धोका कुठं वाटतो? त्यासाठी ताटलीत गुलाल ठेवला होता. लोकांनी हमरस्त्यावरचा ढाबा दाखवला, लॉजिंग दाखवलं, वीटभट्टी दाखवली. प्रत्येक जागी एक चिमूट पडत होती. सगळं झाल्यासारखं वाटलं, तेव्हा आप्पा उकिडवे बसले, चिमूट घेतली आणि चौथ्या गल्लीतल्या एका घरावर सोडली.

ते घर कमलचं होतं. तिचा नवरा ट्रकवर होता. वर्षभरापूर्वी गेला, जाताना नुसती हाडं राहिली होती. कशानं गेला ते घरच्यांनी सांगितलं नव्हतं आणि गावाला विचारायची गरज वाटली नव्हती. तिशीतली कमल, दोन गाई आणि शाळेत जाणारी एक मुलगी, एवढंच त्या घरात उरलं होतं. कमल तिथंच भिंतीला टेकून बायकांत बसली होती. तिनं पदर पुढं ओढला आणि ती त्या गुलालाकडं बघत राहिली.

माझा हात तिथून दोन फुटांवर होता. नुसता फिरवला असता तरी झालं असतं. मी फिरवला नाही. मनाशी म्हटलं, कागदावर उतरवताना हे घर गाळू. दुपारी माझ्या सहकाऱ्यानं नकाशा कागदावर उतरवला, तेव्हा मी गल्ल्या तपासल्या, विहिरी तपासल्या आणि ठिपका तसाच ठेवला. कारण सांगायला लाज वाटते. आराखड्याच्या छापील नमुन्यात 'गावाने ओळखलेल्या धोक्याच्या जागा' असा रकाना होता, आणि तो जितका भरलेला, तितका सहभाग चांगला असं वरच्यांना वाटायचं. नकाशा प्लास्टिकमध्ये घालून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. कोपऱ्यात सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'लाल ठिपका: धोक्याची जागा'.

तीन आठवड्यांनी गेले, तर कमल फाट्यावर भरलेली दुधाची किटली घेऊन उभी होती. म्हणाली, "ताई, दूध घेता का? डेअरीनं माघारी दिलं."

डेअरीत प्रत्येकाच्या दुधाचं फॅट मोजतात आणि मग सगळ्यांचं दूध एकाच टाकीत ओततात. कमलचं फॅट चांगलंच लागत होतं. पण तिचं दूध आमच्या दुधात ओतू नका, असं लोकांनी सेक्रेटरीला सांगितलं होतं. मी सेक्रेटरीला समजावलं की दुधातून हा रोग जात नाही. तो म्हणाला, "मला कळतंय वो. तुमच्या मेळाव्यात म्याच उत्तर दिल्यालं. पर उद्या समद्यांनी दूध दुसरीकडं घातलं, तर म्या टाकीत काय वतू?" ह्यावर माझ्या पोस्टरवर काही छापलेलं नव्हतं. दुधावरच ते घर चालत होतं. दूध बंद राहिलं तर कमलला गाव सोडावं लागणार, हे तिला, मला आणि सेक्रेटरीलाही दिसत होतं.

मी ग्रामसभेत उभी राहिले आणि तो ठिपका काढून टाकण्याची विनंती केली. आप्पांनी शांतपणे विचारलं, "बाई, नकाशा कुनाचा?"

"गावाचा."

"मंग खोडायचा का ठिवायचा, कुनी ठरवायचं?"

"गावानं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"काठी तुम्हीच आमच्या हातात दिली की. आता आसं करा, तिला तपासून कागद आनू द्या. कागद चांगला निगाला, तर म्या सवता खोडतो."

तपासणी ज्याची त्याच्या मर्जीनं, आणि निकाल त्याच्याखेरीज कोणाला सांगायचा नाही, हे आमच्या कामाचे पहिले दोन नियम. कमलची मर्जी नव्हती. "कळून काय करू?" ती म्हणाली. "गोळी हाय का तुमच्याकडं?" नव्हती. सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळू लागल्या त्या पुढं; तेव्हा विकतचं औषध कमलच्या काय, माझ्याही आवाक्यात नव्हतं. मी दुधाचं नाव काढलं, मुलीचं नाव काढलं, चार वेळा तिच्या घरी गेले. शेवटी ती कंटाळून आली. मी तिला पुण्याला नेलं, निकाल आणायला पुन्हा नेलं. तिच्यात काही निघालं नाही. रोगाची लागण नव्हती.

माझेच डोळे भरून आले. कमलनं मात्र कागदाची घडी करून तो माझ्या पिशवीत टाकला. परतीच्या एस.टी.त मी म्हटलं, "पुढच्या सभेत हा कागद वाचते. संपलं सगळं."

"नगं," ती म्हणाली.

"का गं?"

"माझा वाचला की उद्या दुसरीला मागतील. तिच्या कागदात काय आसंल, मला ठाव न्हाई. तुमास्नी ठाव आसंल."

मला ठाऊक होतं. त्याच गावातली सुनंदा, टँकरवरच्या ड्रायव्हरची बायको, तेवीस वर्षांची. बाळंतपणाच्या वेळी तिची तपासणी झाली होती, आणि निकाल तिनं एकट्या मला सांगितला होता. मूल पुढं दोन महिन्यांत गेलं. सासरी काही माहीत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. लोणी गेलं, उरुळी गेली.

"मग दुधाचं काय करशील?"

"इकीन गाई. जाईन खुटबावला भावाकडं."

मला तिचा राग आला. एवढी खटपट करून हातात आलेला कागद ही बाई वापरू देत नाही म्हणजे काय. आपलं भलं तिला कळत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. कागद माझ्या पिशवीत होता. सभेत मी तो काढला आणि वाचला. कमल मागं बसली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा शब्दाला जागले. त्यांनी उठून ठिपक्यावर पांढऱ्या कागदाची चिकटपट्टी लावली आणि कमलला म्हणाले, "पोरी, राग धरू नगस." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं दूध टाकीत पडलं. मी त्रैमासिक अहवालात 'यशोगाथा' लिहिली, ती पुण्याच्या बैठकीत वाचली गेली, आणि मला फूल मिळालं.

पुढची सभा माझ्या गैरहजेरीत झाली. ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहेत त्या सगळ्या बायकांनी कागद आणावा, असं ठरलं. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी धमकावलं नाही. आम्ही त्यांना एकत्र बसून ठरवायला शिकवलं होतं, तसं त्यांनी ठरवलं. ड्रायव्हरांनी स्वतः कागद आणावा, हे मात्र कोणाला सुचलं नाही. जीप करून बायका गेल्या. सुनंदा पहिल्या वेळी पोट दुखतंय म्हणाली, दुसऱ्या वेळी ताप आला म्हणाली. तिसऱ्यांदा तिला कोणी विचारलंच नाही. मी गेले तेव्हा भिंतीवरच्या नकाशात दुसऱ्या गल्लीत नवा लाल ठिपका होता. नकाशा वेळोवेळी ताजा करावा, हेही मीच सांगितलं होतं.

सुनंदाला सासरच्यांनी आधी गोठ्यात ठेवलं, मग माहेरी पाबळला पाठवलं. तिथून पंधरा दिवसांत तिला परत आणून फाट्यावर सोडलं. नवरा टँकर घेऊन गेला तो गावाकडं फिरकला नाही. ती दिवसभर फाट्यावर गाठोडं घेऊन बसून होती, आणि येणारीजाणारी माणसं पलीकडच्या बाजूनं जात होती. हे मला सगळं मागाहून कळलं. पहिली खबर मिळाली ती डेअरीतून. सेक्रेटरी म्हणाला, "कमलचं दूध परत बंद झालंय. तिनं सुनंदाला घरात घेतलीय."

मी गेले तेव्हा दुपार होती. सुनंदा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. कमल मागच्या दारी दगडावर गोधडी धूत होती. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. समोर गेल्यावर एवढंच आलं, "कमल, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. धुणं थांबवलं नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, तुमच्या त्या आराखड्यात रबरी चादर बसती का?"

मला कळेना.

"तिचं पोट थांबंना. दिसातनं सा-सात येळा धुती म्या. गोधड्या वाळंनात. खाली टाकाया रबरी चादर आसली, तर बरं व्हईल. आन् दोन घंटं तिच्यापाशी बसाया मानूस मिळालं, तर म्या वैरण आनीन. दूध इकंना, पर गाई खायाच्या थांबत्यात व्हय?"

इतक्या वर्षांत, इतक्या बैठकांत, रोग्याला घर दिलेल्या माणसानं काय हवं ते मला पहिल्यांदाच सांगितलं होतं. चादर मी दुसऱ्या दिवशी दौंडच्या दुकानातून नेऊन दिली. सुनंदा जाईपर्यंतचे दोन महिने मी आठवड्यातल्या दोन दुपारी तिच्यापाशी बसले. त्यातलं काही कुठल्या अहवालात नाही. पण त्या पहिल्या दुपारी मी एवढंच म्हटलं, "आराखड्यात असं काही नाही गं."

"बगा की नीट. गावानंच केलाय म्हनत्यात, आसंल कुठंतरी. माझं हात वलं हायत."

आराखडा पिशवीत होता. मी तिथंच पायरीवर बसून उघडला. पथनाट्य, भिंतीवरील घोषवाक्ये, प्रभातफेरी, निबंध स्पर्धा, महिला मेळावा. कमल पिळलेली गोधडी हातात धरून थांबली होती, म्हणून मी पानं मागून पुढून पुन्हा पाहिली. शेवटच्या पानावर 'सदर आराखडा आम्हांस मान्य आहे' असं लिहून खाली, नकाशा काढला त्याच दिवशी, गावकऱ्यांच्या सह्या घेतलेल्या होत्या. आप्पांच्या सहीखाली तिसऱ्या ओळीत, शाळकरी गोल अक्षरात, कमलची सही होती.